पती-पत्नीतील अदब : जुनी रीत आणि आजची कसोटी

बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग लोकव्यवहारात पूर्वापार मानले जातात. खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा हे घाटाखालच्या कापूसपट्ट्यातले गाव. या भागातील जुन्या घरांतून अजूनही अशा आजीबाई आढळतात, ज्यांनी साठ वर्षांच्या संसारात पतीचे नाव एकदाही उच्चारलेले नाही. कागदपत्रासाठी नाव विचारले, तर त्या शेजारी उभ्या असलेल्या नातवाकडे पाहतात आणि नातू ते नाव सांगतो. त्याच घरातील नातसून पतीला सर्वांसमोर नावाने हाक मारते. पतीही चहाचा कप स्वतः विसळून ठेवतो. आजींना नावाने मारलेली हाक खटकते. नातसुनेला आजींचे मौन अनाकलनीय वाटते. दोघींच्याही मनात प्रश्न एकच असतो : पती-पत्नींमध्ये अदब असावी की नसावी, आणि असावी तर ती कोणती?

हा प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु कुटुंबे दुरावतात तेव्हा कारणांच्या तळाशी पुष्कळदा मोठा अन्याय नसतो, तर वर्षानुवर्षे साठलेला अनादर असतो. चारचौघांत केलेला पाणउतारा, माहेराविषयी काढलेले शब्द, विचारणा न करता घेतलेले निर्णय, आणि कधीच न उच्चारलेले दोन गोड शब्द यांचा तो साठा असतो. म्हणूनच जुन्या रीतीभातींचे काय करावे, याचा शांतपणे विचार होणे आवश्यक आहे.

जुन्या अदबीचे स्वरूप

मराठी घरातील दांपत्याची अदब प्रामुख्याने भाषेत वसत असे. पत्नी पतीला ‘अहो’ म्हणे, ‘ऐकलं का’ म्हणे, अथवा थोरल्या मुलाच्या नावाने ‘अमक्याचे बाबा’ असा उल्लेख करी. जुन्या कादंबऱ्यांतील ‘इकडून’ आणि ‘स्वारी’ हे शब्दही त्याच रीतीचे. पतीदेखील वडीलधाऱ्यांसमोर पत्नीला नावाने हाक मारणे टाळी. ‘अगं’ किंवा वऱ्हाडात ‘अमक्याची माय’ एवढ्यावर भागे. थोरांसमोर दोघांनी शेजारी बसू नये, बापाने स्वतःचे मूल कडेवर घेऊ नये, असेही संकेत होते. नाव घ्यायचेच झाले तर ते उखाण्यात गुंफून, सणासमारंभात, दहाजणींच्या आग्रहानंतर घेतले जाई.

या संकेतांना त्यांचा काळ होता आणि कारणही होते. एका वाड्यात चार भावांचे संसार नांदत असत. एका जोडप्याची जवळीक दुसऱ्याच्या डोळ्यांत खुपू नये, नव्या सुनेला थोरल्या जावेपेक्षा अधिक मान मिळतो असे वाटू नये, पती-पत्नींचे भांडण चुलीपासून ओसरीपर्यंत पोहोचू नये, यासाठी हे अंतर राखले जाई. ‘अहो’ म्हणणाऱ्या जिभेला त्याच दमात कठोर शब्द उच्चारणे जड जाते, हेही अनुभवाचे सत्य आहे. बहुवचन माणसाला क्षणभर थांबवते.

मात्र या रीतीची दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही. पतीचे नाव न उच्चारून जपले जाई. पत्नीचे नाव पुष्कळ घरांत लग्नाच्या दिवशी तबकातील तांदळावर नवे नाव लिहून बदलले जाई. ती ‘अहो’ म्हणे, तो ‘अगं’ म्हणे. ती ‘तुम्ही’, तो ‘तू’. शेताच्या वाटेवर तो पुढे मोकळ्या हातांनी आणि ती चार पावले मागे डोक्यावर भारा घेऊन, हे चित्र कोणाला विसंगत वाटत नसे. अदब होती, ती एका दिशेने वाहत होती.

पाश्चात्त्य दाक्षिण्याची कथा

स्त्रीसाठी दार उघडणे, तिला आधी बसायला देणे, तिच्या हातातील ओझे घेणे या चालींना आज ‘जुन्या वळणाचे दाक्षिण्य’ म्हटले जाते. त्यांचे मूळ युरोपातील मध्ययुगीन घोडेस्वार सरदारांच्या आचारसंहितेत शोधले जाते. त्या दाक्षिण्यासाठी इंग्रजीत जो ‘शिव्हलरी’ हा शब्द आहे, तोच मुळी घोड्याच्या फ्रेंच नावावरून आलेला आहे. हे दाक्षिण्य सरदारघराण्यातील स्त्रियांसाठी होते. शेतात राबणारी स्त्री त्याच्या कक्षेत येत नव्हती.

१९१२ मध्ये टायटॅनिक जहाज बुडाले, तेव्हा ‘आधी स्त्रिया व मुले’ हा संकेत पुष्कळ अंशी पाळला गेला आणि अनेक पुरुषांनी धीराने मरण स्वीकारले. त्या धैर्याला वंदनच केले पाहिजे. तथापि पहिल्या वर्गातील जवळजवळ सर्व स्त्रिया वाचल्या आणि तिसऱ्या वर्गातील निम्म्याहून अधिक स्त्रिया बुडाल्या, हेही त्याच रात्रीचे सत्य आहे. होड्या वरच्या डेकवर होत्या. खालच्या वर्गातील प्रवाशांना तेथपर्यंत पोहोचणेच कठीण होते.

इंग्लंडमधील विचारवंत मेरी वुलस्टनक्राफ्ट यांनी तर १७९२ मध्येच या दाक्षिण्यावर बोट ठेवले होते. पडलेला रुमाल धावत जाऊन उचलून देणारे पुरुष स्त्रीला शिक्षण आणि स्वतंत्र विचार देण्यास तयार नसतात. अशा किरकोळ सेवेने तिचा मान वाढत नाही, ती दुबळी असल्याचेच पुन्हा अधोरेखित होते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

बुलढाण्याच्या ताराबाईंचा सवाल

या प्रतिपादनानंतर नव्वद वर्षांनी, त्याच्या कितीतरी पलीकडे जाणारा सवाल बुलढाण्यातील एका स्त्रीने मराठीत विचारला. ताराबाई शिंदे या त्या लेखिका. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्यात सरकारी कचेरीत नोकरीस होते आणि सत्यशोधक विचारांचे होते. मुलींना अक्षरओळखही दुर्मीळ असलेल्या त्या काळात त्यांनी कन्येला मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकवले.

१८८१ मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती शिक्षा कमी करण्यात आली. या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर दोषारोप सुरू झाले. पुण्याच्या एका पत्रातील तशा लेखनाने व्यथित होऊन ताराबाईंनी लेखणी उचलली आणि १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापून प्रसिद्ध झाले.

ताराबाईंच्या विचारांचा गाभा आजच्या विषयाला थेट भिडणारा आहे. जे दुर्गुण स्त्रीच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत अधिक नसतात काय, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून अवघड. पतीला देव माना असे पत्नीला सांगितले जाते. मग त्या देवाने भक्ताशी देवासारखे वागू नये काय? भक्ताचे सुखदुःख जाणणे हे देवाचे काम. शिवीगाळ, मारहाण आणि उपेक्षा करणाऱ्याला ते पद कसे शोभेल? पतिव्रतेचे नियम सविस्तर लिहिले गेले, त्या तोलाचे नियम पतीसाठी का लिहिले गेले नाहीत, असा तो एकंदर रोख होता.

पुस्तकावर कठोर टीका झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची ठामपणे पाठराखण केली. परंतु त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले नाही. पुढे कितीतरी दशके हे पुस्तक विस्मृतीत गेले होते. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले. बुलढाणा जिल्ह्याला आपल्या मातीतील या विदुषीची ओळख जवळजवळ शतकानंतर नव्याने झाली.

ताराबाईंचा आक्षेप आदरावर नव्हता, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. त्यांनी आदराची परतफेड मागितली होती.

दोन प्रसिद्ध संसार

त्याच काळातील एक दांपत्य महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रमाबाई यांचा विवाह १८७३ मध्ये झाला. न्यायमूर्तींचे वय एकतीस, रमाबाईंचे अकरा. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या सुधारकाने वडिलांच्या आग्रहाखातर लहान मुलीशी विवाह केला म्हणून टीकाही झाली. विवाहानंतर मात्र त्यांनी पत्नीला स्वतः शिकवण्यास प्रारंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ते रुचले नाही; रमाबाईंना टोमणे आणि बहिष्कार सोसावा लागला. न्यायमूर्तींनी थोरल्यांचा उपमर्द केला नाही आणि पत्नीचे शिक्षणही थांबू दिले नाही. त्या शिक्षणाचे फळ म्हणजे पुण्याच्या सेवासदनाचे कार्य आणि १९१० मध्ये प्रसिद्ध झालेले ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे रमाबाईंचे आत्मकथन.

या संसारातही विषमता होती. न्यायमूर्ती नाराज झाले की अबोला धरीत, आणि तो अबोला रमाबाईंना असह्य होई. समजूत काढण्याचा भार बहुधा त्यांच्यावरच येई. तरीही एका गोष्टीने हे नाते वेगळे ठरते. पतीने दिलेला आदर केवळ संबोधनात नव्हता. रोज रात्री पुस्तक उघडून बसण्याच्या वेळेत तो होता.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळक यांचे. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा उल्लेख ‘टिळक’ असा सरळ आडनावाने केला आहे. १९३० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात पतीचा तापट, लहरी आणि तितकाच उदार स्वभाव त्यांनी हसतखेळत रेखाटला. त्यात ना भक्तिभावाचा बडेजाव, ना कडवटपणा. पतीचे धर्मांतर, काही वर्षांचा विरह आणि पुनर्मीलन एवढे सारे सोसूनही त्या नात्यातील माया वाचकाला जाणवत राहते. नाव उच्चारल्याने आदर उणा होत नाही, याचा मराठीतील हा उत्तम दाखला म्हणता येईल.

ताटापासून घड्याळापर्यंत

संबोधनाचा वाद बाजूला ठेवून घरातील ताटाकडे पाहिले, तर प्रश्नाचे गांभीर्य अधिक कळते. सर्वांना वाढून झाल्यावर गृहिणीने जेवावे, ही जुनी शिस्त. तिच्यामागे वात्सल्य होते यात शंका नाही. परंतु शेवटी बसणाऱ्याच्या वाट्याला उरलेले येते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. या व्याधीची कारणे अनेक आहेत. ताटातील वाटणी हे त्यांतले एक. ज्या घरात पती ‘तूही बस, आपण एकत्र जेवू’ असे म्हणून स्वतः पोळ्यांचा डबा आणि पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसतो, तेथे एक नवी आणि हितकारक रीत सुरू झालेली असते.

वेळेच्या वाटणीचेही तसेच. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार देशात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय असे काम करणाऱ्या पुरुषांची संख्याच मुळात थोडी आहे. वेचणीच्या दिवसांत घाटाखालच्या गावांतील स्त्री दिवसभर कापूस वेचून घरी येते आणि चूल तिची वाट पाहत असते. त्या वेळी मोटारसायकलवरून उतरताना तिला दिलेल्या हातापेक्षा घरी पोहोचल्यावर निवडलेली भाजी आणि भरलेले पाणी तिला अधिक विसावा देते.

बोलण्यातील मर्यादेची दखल तर आता कायद्यानेही घेतली आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात शारीरिक माराबरोबर शाब्दिक व भावनिक छळाचाही समावेश आहे. अपमान करणे, टर उडवणे, नावे ठेवणे, विशेषतः मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणे, हे त्या व्याख्येत येते. पूर्वी ज्याला ‘घरातले बोलणे’ म्हणून दुर्लक्षिले जाई, त्याची जखम खरी असते हे मान्य झाले. परंतु न्यायालयाच्या पायरीपर्यंत प्रकरण गेले, की नात्यात वाचवण्यासारखे थोडेच शिल्लक राहते. त्या पायरीच्या कितीतरी अलीकडे अदब आपले काम करीत असते.

सातबाऱ्यावरचा आदर

शेतकरी कुटुंबात सन्मानाची आणखी एक जागा आहे : जमिनीचा कागद. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवड येथे शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन घेतले आणि त्यानंतर काही वर्षांनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम पुढे आणला. शेतात आयुष्यभर राबणाऱ्या घरच्या लक्ष्मीचे ऋण पुरुषाने फेडावे, आपल्या जमिनीचा काही हिस्सा स्वखुशीने तिच्या नावे करावा, असे ते आवाहन होते. जळगाव जिल्ह्यातील विटनेर गावात शंभराहून अधिक कुटुंबांनी ते प्रत्यक्षात आणले. पुढे १९९२ मध्ये राज्य शासनाने परिपत्रक काढले आणि पतीच्या अर्जावरून त्याच्या हयातीतच पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची सोय झाली.

या योजनेचे मर्म तिच्या ऐच्छिकतेत आहे. येथे पतीला कोणी सक्ती करीत नाही. तो आपण होऊन कचेरीत जातो आणि म्हणतो, ही जमीन आम्हा दोघांची. दार उघडून देणे ही जर सभ्यता असेल, तर हे दार सर्वांत जड आहे. कर्ज, विमा, अनुदान, आणि दुर्दैवाने पतीच्या पश्चात जगण्याचा आधार, असे किती तरी मार्ग त्या एका नोंदीने सुकर होतात. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनंतर मागे राहिलेल्या स्त्रियांना नावावर जमीन नसल्याने जे सोसावे लागले, ते आठवले की या आदराची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

शासनाने २०२४ मध्ये घेतलेला निर्णयही येथे स्मरणीय आहे. १ मे २०२४ रोजी अथवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आता लिहिला जातो. ज्या आजींनी पतीचे नाव आयुष्यभर ओठांआड जपले, त्यांच्या पतवंडाच्या नावात त्याच्या आईचे नाव असेल.

काय राखावे, काय सोडावे

मग जुन्या अदबीचे करावे काय? सरसकट टाकून द्यावी, तर तिच्याबरोबर संयमही जातो. ‘आम्ही मित्रासारखे आहोत’ असे म्हणत एकमेकांना टाकून बोलणारी जोडपी आज शहरात आणि खेड्यातही दिसतात. सरसकट राखावी, तर ताराबाईंचा सवाल अनुत्तरित राहतो. विवेकी मार्ग असा दिसतो, की प्रत्येक रीत उलटून पाहावी. जी पत्नीने पाळावी असे वाटते, ती पतीने पाळली तर शोभेल काय? शोभत असेल तर ती राखावी. शोभत नसेल तर ती सभ्यता नव्हती, ते केवळ स्थान दाखवणे होते.

या कसोटीला पुष्कळ जुन्या गोष्टी उतरतात. चारचौघांत जोडीदाराची चूक न काढणे, दोघांनाही शोभते. माहेरच्या आणि सासरच्या माणसांविषयी जपून बोलणे, दोघांनाही शोभते. बाहेर जाताना सांगून जाणे, उशीर होणार असेल तर कळवणे, आजारपणात उशाशी बसणे, जोडीदार बोलत असताना मोबाईल खाली ठेवणे, मोठा खर्च किंवा उधारी करण्यापूर्वी विचारणे, ही सारी अदबच आहे. दोघांनी एकमेकांना ‘अहो’ म्हणावे किंवा दोघांनी ‘अरे’ आणि ‘अगं’ म्हणावे. घरातील थोरांचे मन राखायचे असेल, तर त्यांच्यासमोर पतीनेही पत्नीला बहुवचनाने संबोधण्यास हरकत कसली?

क्षमायाचनेचा विषय येथे ओघानेच येतो. संवत्सरीच्या दिवशी श्रावक घरोघरी जाऊन, आता तर संदेश पाठवून, ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. व्यापारातील प्रतिस्पर्धी, दुरावलेले नातलग, शेजारी, सर्वांची क्षमा मागितली जाते. वर्षभरात ज्या व्यक्तीला सर्वाधिक कठोर शब्द ऐकावे लागले, ती मात्र स्वयंपाकघरात उभी असते आणि यादीत तिचे नाव नसते. रानडे यांच्या संसारात समजूत काढण्याचा भार एकीवरच होता. आजच्या पतीने तो वाटून घेतला, तर क्षमापनेचा अर्थ घरापासूनच सुरू होईल.

मुलांच्या दृष्टीने या साऱ्याचे मोल आणखी मोठे आहे. मुलगा स्त्रीशी कसे वागावे हे पुस्तकातून शिकत नाही; वडील आईला हाक कशी मारतात आणि तिच्या उत्तरासाठी थांबतात की नाही, हे तो रोज पाहत असतो. मुलगीही तेच पाहते आणि उद्याच्या घरात कोणती वागणूक स्वीकारायची, कोणती नाकारायची, हे नकळत ठरवते. विवाह जुळवताना शिक्षण, उत्पन्न आणि कुंडली यांची चौकशी बारकाईने होते. समोरच्या घरात आईचे म्हणणे ऐकून घेतले जाते काय, एवढे एक निरीक्षण त्या चौकशीत जोडले, तर पुढचे कितीतरी क्लेश टळतील.

घाटाखालच्या गावांत आता पती-पत्नी चार पावलांच्या अंतराने चालताना क्वचितच दिसतात. मोटारसायकलवर दोघे एकत्र बाजाराला येतात, दवाखान्यात एकत्र जातात, मुलांच्या शाळेत दोघांच्याही सह्या होतात. अंतर कमी झाले, हे चांगलेच झाले. ज्या दिवशी बाजारातून परतताना पिशव्यांचे ओझे दोघांच्या हातांत सारखे असेल, आणि घरी पोहोचल्यावर पाण्याचा पहिला तांब्या ज्याला आधी सुचेल तो दुसऱ्यापुढे धरेल, त्या दिवशी जुनी अदब टिकली की गेली, हा वाद घालण्याची गरज कोणाला भासणार नाही.